उजव्या पायातली हिरवी कडी

“मावशी, आया जुळत नाहीयेत!”

ताई हे इतक्या आनंदाने ओरडल्या, की घारमावशीच्या हातातली कपबशी वाजली. आया न जुळण्यात एवढं हुरळण्यासारखं काय, ते समजायला तुम्हाला जरा मागे यावं लागेल. मावशीला मात्र ते तिथल्या तिथे समजलं. तिने आधी हाताने स्टूल चाचपलं आणि मगच ती बसली.

मावशीचं अर्धं आयुष्य आया ओळखण्यात गेलं होतं. माणसांच्या नव्हे, पक्ष्यांच्या. गावाच्या टोकाला एक जंगल, आणि जंगलाच्या तोंडाशी एक बैठी इमारत. तिला सगळे ‘केंद्र’ म्हणतात. जंगलात अडीचशे लाकडी पेट्या झाडांना टांगलेल्या आहेत, पुढून एक भोक, वरून उघडणारं झाकण. थंडी सरली की चिमणीएवढे, पिवळ्या पोटाचे पक्षी त्या पेट्यांत घरटी करतात. कुठल्या मादीने कुठल्या तारखेला अंडी घातली, किती घातली, किती पिल्लं उडाली, त्यातली किती पुढच्या वर्षी परत येऊन स्वतःची पेटी धरून बसली, हे केंद्र चौतीस वर्षं लिहून ठेवतंय. केंद्राचे प्रमुख, म्हणजे मोठे सर, पाहुण्यांना सांगायचे, “उत्क्रांती हा शब्द भारी वाटतो हो, पण आमचं काम एवढंच. कोणाची पोरं टिकतात, ते बघत बसायचं.” लवकर अंडी घालणाऱ्या आईच्या लेकीही लवकर घालतात का? बारा अंडी घालणारीची जास्त पोरं जगतात, की सात घालणारीची? सगळं एकाच खुंटीला टांगलेलं. आई कोण, हे नक्की माहीत हवं.

आणि ते सांगायची मावशी. सव्वीस वर्षांपूर्वी ती इथे आली ती सुताराची बायको म्हणून. नवरा पेट्या बनवायचा, ही झाडलोट करायची, चहा करायची. एका सकाळी कप विसळताना खिडकीबाहेर बघत ती सरांना म्हणाली, “ही कालची नव्हे. कालचीच्या पायात पिवळं होतं.” सरांनी दुर्बीण लावली. खरंच नव्हती. त्या दिवशी सरांनी तिच्या हातातला कप काढून घेतला आणि दुर्बीण दिली. घारीची नजर म्हणून घारमावशी. पुढे तिचं खरं नाव पगाराच्या कागदापुरतं उरलं.

पायातल्या कड्यांची पद्धतही तिचीच. प्रत्येक पिल्लाला उडण्याआधी रंगीत कड्या घालतात. आधी त्या कशाही घालायचे, जो रंग हाताला लागेल तो. मावशीने नवीन टूम काढली. डाव्या पायातल्या दोन कड्या घराण्याच्या, एका पेटीतल्या सगळ्या भावंडांना सारख्याच. उजव्या पायात एक आकड्याची धातूची आणि एक ज्याची त्याची रंगीत. “डावा पाय आडनाव, उजवा पाय नाव,” ती म्हणायची. “लांबूनच कळतं, कोणाच्या घरची पोर ते.” सर एवढे खूश झाले, की तेव्हापासून जंगलातल्या सगळ्या बहिणी एका कडीपुरत्याच वेगळ्या राहिल्या. धातूवरचा आकडा काही लांबून दिसत नाही, आणि पिल्लं पेटीत असताना आईला पकडायचं नाही हा सरांचा कडक नियम, कारण घाबरलेली आई घरटं टाकून जाते. मग सगळी भिस्त रंगांवर. म्हणजे मावशीच्या डोळ्यांवर.

या पक्ष्यांची लफडी तर विचारूच नका! नर दिवसभर गळा काढून गातो, बायकोवर पहारा ठेवतो, आणि तरी सहातली दोन पिल्लं शेजारच्याची निघतात. पिल्लांच्या, आणि थंडीत जाळ्यात धरलेल्या मोठ्या पक्ष्यांच्याही पंखाखालून रक्ताचा एकेक थेंब घेतात, तो प्रयोगशाळेत जातो, आणि कोणाचा कोण ते तिथून कळून येतं. मावशी निकाल वाचून नवऱ्याला चिडवायची, “अहो, काय ते सुबक दार बनवता! आत काय चाललंय ते बघा जरा.” सुतार रंधा न थांबवता म्हणायचा, “मी घर देतो. चालचलणुकीची हमी देत नाही.”

तर बाप जुळला नाही, तरी कोणी भुवई उंचावत नाही, तो पक्ष्यांचा स्वभाव. पण आई? जी आत जाते, अंडी उबवते, चोचीत अळ्या आणून घालते, ती आई. ती जुळली नाही, तर पक्ष्यांत नव्हे, बघणाऱ्यात खोट. हे मावशीला सव्वीस वर्षं पाठ होतं.

“चौदा पेट्या, मावशी!” ताई कागद नाचवत होत्या. ताई म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेल्या संशोधक. वयाने मावशीच्या लेकीएवढ्या, पण हुद्द्यामुळे ताई. “आधीच्या वर्षी पाच होत्या, त्याच्या आधी दोन. यंदा चौदा. आणि गंमत सांगू? पिल्लांना भरवणारी वहीतली मादी रक्ताने त्यांची आई नाही, पण परकीही नाही. आईची सख्खी बहीण आहे! खरी आई त्या वर्षी कुठे दिसलेलीच नाही, म्हणजे ती मेली असणार. पोरकी पिल्लं मावशी सांभाळतेय! या जातीत हे आजवर कुणी पाहिलेलं नाही. आणि तुम्ही पाहिलंत. तुमच्या वहीत, तुमच्या अक्षरात आहे.”

“असं होय,” मावशी म्हणाली.

“मी याला मावशीपण म्हणणार आहे. परिषदेत सगळ्यांना सांगणार, हे नाव कुठून आलं ते.”

आता खरं काय ते ऐका. गेली दोन-तीन वर्षं मावशीच्या डोळ्यांत काहीतरी चाललं होतं. आधी संध्याकाळी कड्यांचे रंग मळकट दिसायचे. मग पांढरं पिवळसर. मग एका दुपारी नवऱ्याला हिरव्या मुठीची पटाशी हवी होती, तर तिने निळ्या मुठीची दिली. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “अगं, डॉक्टरला दाखवून ये की.”

“मला काय धाड भरलीय? तिथे काळोख होता.”

काळोख नव्हता. भर दुपार होती, आणि ते दोघांनाही माहीत होतं.

डॉक्टरकडे न जाण्याचं कारण मावशीने कुणाला सांगितलं नव्हतं. तिची आई पंचावन्नाव्या वर्षी आंधळी झाली. डॉक्टरांनी तपासून एकच वाक्य सांगितलं होतं, आता उशीर झालाय. त्यानंतर आई नऊ वर्षं जगली, भिंतीला हात लावत. ताटात हात घालून काय वाढलंय ते बोटांनी चाचपायची. पोटची लेक दारात उभी राहिली तरी विचारायची, “कोण आलंय?” मावशी आता त्रेपन्न वर्षांची होती. सकाळी उठल्यावर आधी छताकडे बघायची, दिसतंय ना ते. दिसलं की मगच पाय खाली टाकायची. डॉक्टरकडे गेलं नाही म्हणजे ते वाक्य ऐकावं लागणार नाही, एवढाच तिचा हिशोब.

आणि नोकरी? राहतं घर केंद्राचं. घरामागे नवऱ्याची कार्यशाळा, तीही केंद्राची. घारीची नजर गेली तर घारमावशी म्हणून काय उरलं? मग ती अंदाजाने भागवू लागली. कड्यांपेक्षा चाल ओळखायची, कुठली धीट, कुठली भित्री. शंका आली तर मनाशी म्हणायची, हिरवीच असणार, आणि लिहून मोकळी व्हायची. फार नव्हे, एखाद-दुसरी पेटी. असं तिला वाटत होतं. आता ताई चौदा म्हणत होत्या.

तिला तिथेच सगळं लख्ख दिसलं. डोळ्यांना दिसत नव्हतं ते डोक्याला दिसलं. आडनाव ती बरोबर वाचत होती, लाल-पांढरं, काळं-पिवळं. चुकत होतं ते नाव. निळीला ती हिरवी म्हणत होती. आणि एका आडनावाची निळी आणि हिरवी म्हणजे सख्ख्या बहिणी. जिवंत आई वहीतून नाहीशी होत होती आणि तिच्या जागी बहीण लिहिली जात होती. कुठलं मावशीपण आणि काय! पण हा नुसता तर्क होता, आणि तर्क असेपर्यंत माणसाला झोप तरी लागते. मावशीला खात्री करून घेण्याची भीती वाटत होती, आणि न करण्याची त्याहून जास्त.

केंद्रात एक खण आहे. जंगलात मेलेला पक्षी सापडला की त्याच्या कड्या छोट्या पाकिटात घालून त्या खणात ठेवायच्या, वर तारीख लिहायची. ते काम मावशीचं, बाकी कुणी त्या खणाला हात लावत नाही. दोन दिवसांनी ताई सरांकडे गेल्या असताना तिने खण ओढला. भिंग घेतलं. धातूच्या कडीवरचे आकडे एकेक करून वाचले आणि वहीशी ताडून पाहिले. रंगांवर विश्वास नव्हता, आकड्यांवर होता. विसाव्या की एकविसाव्या पाकिटाशी तिचा हात थांबला. आकडा सांगत होता: लाल-पांढरी-हिरवी. पाकिटावरची तारीख गेल्या वर्षीच्या थंडीतली. केंद्राच्याच खिडकीच्या काचेवर आपटून मेली होती. मावशीनेच उचलली होती, मावशीनेच पुरली होती.

आणि वहीत, त्याच थंडीनंतरच्या हंगामात, पेटी क्रमांक एकशे सतरा. आई: लाल-पांढरी-हिरवी. पिल्लं नऊ. अक्षर मावशीचं.

मेलेली बाई तीन महिन्यांनी उठून नऊ पोरांना भरवत होती! दुसऱ्या कुणाच्या वहीत हे सापडलं असतं तर मावशी पोट धरून हसली असती. तिने पाकीट ओच्यात कोंबलं, खण लावला आणि बाहेर येऊन ओट्याला धरून उभी राहिली. कुणी पाहिलं तर नाही ना? कोणी नव्हतंच तिथे.

दुपारी ती कार्यशाळेत गेली. सुतार पेट्यांची मोडकी झाकणं बदलत होता. तिने पाकीट त्याच्यापुढे ठेवलं आणि सगळं सांगून टाकलं, डोळ्यांचं, चौदा पेट्यांचं, खणातलं. तो खिळे वेचत ऐकत राहिला.

“हे पाकीट कोणाला माहितीय?”

“कोणाला नाही.”

“मग गप्प बस,” तो म्हणाला. “चुलीत टाक. पक्षी काही तक्रार करायला यायचे नाहीत. ताई नाव कमावतील, सर खूश होतील. कोणाचं काय वाकडं होतंय?”

“अहो, पण खोटं आहे ते.”

“तुझे डोळे जाताहेत हे खरंय ना? त्याची काळजी कर.” आणि मग खाली बघून तो हळूच म्हणाला, “मलाही भीती वाटते गं. या वयात कुठे जायचं आपण?”

इतक्या वर्षांत हा माणूस कधी भीती वाटते असं म्हणाला नव्हता. मावशीला वाटलं होतं तो ओरडेल, नाहीतर थट्टा करेल. त्याचा आवाज ऐकून ती अधिकच घाबरली. पाकीट तिने चुलीत टाकलं नाही, पण दाखवलंही नाही. तीन दिवस ते ओच्यात घेऊन फिरली. वजन म्हणाल तर शेंगदाण्याएवढंही नाही, पण चालताना सारखा हात तिकडे जायचा. ताई मात्र तिला येता-जाता मिठ्या मारत होत्या.

बुधवारी ताई परिषदेला निघणार होत्या. मंगळवारी सकाळी त्यांनी मावशीला जंगलाच्या नकाशापुढे बसवलं. नकाशावर बारा टाचण्या टोचल्या होत्या.

“हे येत्या हंगामाचं. सरांनी खास परवानगी दिलीय, एवढ्या मोठ्या शोधासाठी नियम एकदा बाजूला ठेवायला. पिल्लं चार दिवसांची झाली की या बारा पेट्यांतल्या आया आपण उचलायच्या. दोन दिवस पिंजऱ्यात ठेवायच्या. आणि बघायचं, मावश्या किती वेळात येतात ते.”

मावशीला आधी नीट कळलंच नाही. “चार दिवसांची?”

“हो, म्हणजे गरज अगदी खरी असेल.”

चार दिवसांची पिल्लं कशी असतात, हे मावशीला विचारा. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले, कातडीतून पोटातली अळी दिसते. बाप भरवतो, पण अंगाखाली घेत नाही. ऊब देते ती आईच. आई दोन तास आली नाही तर ती थंड पडतात, चोच उघडायची ताकद राहत नाही. आणि येणार कोण? कुठली मावशी? बारा पेट्या, एकेकीत आठ-नऊ. दुर्बिणीला डोळा लावून सगळे वाट बघत बसतील, आणि आत शंभर पिल्लं एकेक करून गार होतील. का, तर घारमावशीने मनाशी म्हटलं होतं, हिरवीच असणार.

“ताई, कोणी येणार नाही,” ती म्हणाली.

“अहो, तेच तर बघायचंय.”

“कोणी नाही येणार. नाहीयेत तशा मावश्या. मी चुकले.” तिने ओच्यातलं पाकीट काढून नकाशावर ठेवलं. तिच्या मनगटाला लागून दोन टाचण्या पडल्या. “ही बघा तुमची एकशे सतरातली मावशी. आदल्या थंडीतच मेली. मला निळं हिरवं दिसतं ताई, केव्हाचं दिसतंय. मी बोलले नाही. घाबरले हो मी.”

ताई आधी हसल्या. “काहीतरीच काय!” मग त्यांनी पाकिटावरची तारीख वाचली. आकडा वाचला. वही ओढून पान काढलं, बोट ठेवलं, परत पाकीट पाहिलं. हसू चेहऱ्यावर तसंच राहून गेलं होतं, फक्त त्यात आता काही उरलं नव्हतं.

“एखादी चुकली असेल,” त्या म्हणाल्या. “एकाने काय होतंय? थांबा.”

त्यांनी खिडकीजवळच्या टेबलावर पांढरा कागद पसरला, डब्यातून दहा कड्या काढून त्यावर ओळीने मांडल्या. बाहेर चांगलं ऊन होतं. “सांगा.”

मावशीने वाकून पाहिलं. कधी नव्हे ते नीट पाहिलं. घाई नव्हती, पक्षी उडून जाणार नव्हता. “हिरवी,” ती म्हणाली. “हिरवी. निळी. हिरवी. ही… निळी. हिरवी.” दहा झाल्या. दहाव्या कडीपर्यंत तिला जरा धीर आला होता. रंग वेगवेगळे दिसत होते की! तिने वर पाहिलं. “किती बरोबर?”

ताईंनी कड्या एकेक करून डब्यात परत टाकल्या. मग म्हणाल्या, “सगळ्या निळ्याच आहेत, मावशी.”

भीती वाटणं आणि तीच समोर येऊन बसणं, यात किती फरक असतो! मावशीने टेबलाची कड घट्ट धरली. ताईंनी सरांना फोन लावला, उद्या जात नाही एवढंच सांगितलं, कारण नंतर सांगते म्हणाल्या. नकाशावरच्या उरलेल्या दहा टाचण्या काढून डबीत टाकल्या. ते पाहून मावशीला क्षणभर मोकळं वाटलं. वाटलं, सुटलं एकदाचं. आता ओरडतील, काढून टाकतील, चालेल.

ताई ओरडल्या नाहीत. त्या भिंतीजवळच्या मोठ्या कपाटापाशी गेल्या. तिथे चौतीस वर्षांच्या वह्या रांगेने उभ्या आहेत. त्यातल्या सव्वीस मावशीच्या. जगभरातून लोक त्या वह्या बघायला येतात.

“कधीपासून?” ताईंनी विचारलं.

“दोन-तीन वर्षं.”

“दोन की तीन? आया तर तीन वर्षांपासून चुकताहेत. पण त्याच्या आधी रक्ताचे थेंब कधी घेतलेच नाहीत, मी आल्यावर सुरू केलं आपण. त्याच्या आधी काय होतं, ते फक्त तुम्हाला माहीत.” त्यांचा आवाज आता मावशीच्या आवाजासारखाच झाला होता, बारीक आणि घाबरलेला. त्यांनी तीन वह्या काढून टेबलावर ठेवल्या. मग चौथीवर हात ठेवला. “ही?”

मावशीने आठवून पाहिलं. त्या वर्षी लेकीचं लग्न झालं होतं. तेव्हा सुई ओवता येत होती का? “ही ठीक असेल,” ती म्हणाली.

“असेल?”

ताईंनी चौथीही काढली. हात पाचवीवर गेला, सहावीवर गेला. प्रत्येक वेळी त्या मावशीकडे वळून बघत होत्या, आणि मावशी प्रत्येक वर्षातली एखादी सकाळ आठवून बघत होती, एखादी पेटी, पायातला एखादा रंग. प्रत्येक सकाळी रंग लख्खच दिसत होते. आत्ता या दहा कड्या दिसल्या, तेवढेच लख्ख.

अकराव्या वहीवर ताईंचा हात थांबला. “ही तरी नक्की ना, मावशी? शपथेवर सांगाल?”

मावशीने तोंड उघडलं. हो म्हणायचं होतं, सव्वीस वर्षं नुसतं हो म्हणत आली होती. शब्द बाहेर पडेना. ताईंनी तीही वही काढली.